बर्गेनचे डॉक्टर हॅन्सेन

कुष्ठरोगाविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते, त्याहून अधिक लपवले जाते. महारोग, रक्तपिती ही नावेसुद्धा घरात हलक्या आवाजात उच्चारली जातात. पूर्वजन्मीचे पाप, कुळाचा दोष, देवाचा कोप अशी कारणे पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. बाबा आमटे यांचे आनंदवन आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन आपल्याला ठाऊक असते. परंतु हा रोग पापाने होत नाही, एका सूक्ष्म जंतूने होतो, हे ज्यांनी दाखवून दिले ते डॉ. हॅन्सेन आपल्याला फारसे परिचित नसतात. त्यांचे चरित्र वाचताना मला आदर वाटला आणि अस्वस्थताही वाटली. ती दोन्ही वाचकांपुढे ठेवावीत म्हणून हा लेखनप्रपंच.

गेरहार्ड आर्मौअर हॅन्सेन यांचा जन्म २९ जुलै १८४१ रोजी नॉर्वेतील बर्गेन या बंदराच्या गावी झाला. पंधरा भावंडांचे कुटुंब. वडील व्यापारी, पण धंदा बुडालेला. शिकवण्या करीत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये क्रिस्तियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) विद्यापीठातून पदवी मिळवली. काही काळ लोफोतेन बेटांवर कॉड माशांच्या हंगामात कोळ्यांवर उपचार केले आणि १८६८ मध्ये ते आपल्या गावी, कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात रुजू झाले.

कुष्ठरोग हा उष्ण देशांचाच रोग अशी आपली समजूत असते. पण त्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी आणि कोळी यांच्यात तो ठाण मांडून बसला होता. १८५६ मध्ये तेथील सरकारने प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा अठ्ठावीसशेच्या वर रुग्ण निघाले. बर्गेन हे या रोगाच्या अभ्यासाचे जगातील प्रमुख केंद्र होते आणि तेथील सर्वाधिकारी पुरुष होते डॉ. डॅनिएल डॅनिएल्सेन. रोगाची पहिली शास्त्रशुद्ध वर्णने त्यांचीच. रोग संसर्गाने होतो का हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या अंगात रुग्णाच्या गाठीतील द्रव टोचून घेतला होता. त्यांना काहीच झाले नाही, आणि रोग आनुवंशिक आहे हे त्यांचे मत पक्के झाले.

तरुण हॅन्सेनना हे पटेना. गावोगाव हिंडून त्यांनी रुग्णांच्या घरांची, नात्यांची, शेजाराची माहिती गोळा केली. रोग एका घरात अनेकांना होतो हे खरे. पण तो वंशवृक्षाच्या फांद्यांनी चालत नाही, एकत्र राहणाऱ्यांत पसरतो, असे त्यांना दिसू लागले. बॉन आणि व्हिएन्ना येथे सूक्ष्मदर्शकाचे शिक्षण घेऊन ते परतले. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी एका रुग्णाच्या गाठीतील द्रव काचपट्टीवर घेऊन पाहताना त्यांना काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवले ते १८८२ मध्ये, म्हणजे यानंतर नऊ वर्षांनी. एखाद्या जुनाट मानवी रोगाशी जंतूचा संबंध जोडला जाण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय. १८७४ मध्ये त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. तोही अत्यंत जपून, कारण दिसणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर ते ओळखून होते.

त्याच १८७३ सालच्या जानेवारीत हॅन्सेन यांनी डॅनिएल्सेन यांच्याच कन्येशी विवाह केला होता. सासऱ्याच्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताला जावयाने धक्का दिला, तरी दोघांचा स्नेह तुटला नाही. पण संसार टिकला नाही. ऑक्टोबरमध्ये पत्नी क्षयाने गेली. १८७५ मध्ये त्यांनी पुन्हा विवाह केला. त्याच वर्षी ते देशाचे कुष्ठरोगविषयक मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले.

येथे आपल्या मुंबईचाही धागा गुंफलेला आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन हॅन्सेन यांचे काम पाहून आले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे ते हेच. हिंदुस्थानातही रोग संसर्गाने पसरतो, हे मत त्यांनी पुढे हिरिरीने मांडले. त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड या रोगावर देशी औषधांचे प्रयोग करीत होते.

आता अस्वस्थ करणारा भाग. जंतू दिसला, पण तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध होईना. तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता. कृत्रिम माध्यमात तो आजतागायत वाढलेला नाही. १८७९ च्या उन्हाळ्यात आल्बर्ट नाइसर हा तरुण जर्मन डॉक्टर बर्गेनला आला. हॅन्सेन यांनी मोकळ्या मनाने त्याला नमुने दिले. त्याने ते रंगवून जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले. हॅन्सेन यांच्या मनावर याचे किती दडपण आले असेल, याची कल्पनाच करावी. ३ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांनी रुग्णालयातील तेहेतीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्याला, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव लावलेले हत्यार टोचले. तिला रोगाचा एक प्रकार होताच. दुसरा प्रकार उद्भवतो का, हे त्यांना पाहायचे होते. तिला त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, हे त्यांना माहीत होते.

ती स्त्री गरीब होती, रोगी होती, सरकारी आश्रयाला होती. तरीही ती गप्प बसली नाही. रुग्णालयाच्या धर्मोपदेशकामार्फत तिची तक्रार वर गेली, खटला उभा राहिला आणि ३१ मे १८८० रोजी बर्गेनच्या न्यायालयाने हॅन्सेन यांना रुग्णालयातील डॉक्टरपदावरून दूर केले. देशाचे मुख्य अधिकारी म्हणून मात्र ते राहिले. प्रयोगातून निष्पन्न काहीच झाले नाही. मला त्या न्यायालयाचे कौतुक वाटते. शोध मोठा म्हणून त्याने माणूस लहान मानला नाही.

पुढची तीस वर्षे हॅन्सेन यांनी या रोगाचा पाठलाग केला. १८७७ आणि १८८५ च्या कायद्यांनी रुग्णाला घरीच वेगळ्या खोलीत किंवा रुग्णालयात ठेवण्याची व्यवस्था झाली. हे कायदे रुग्णांना जाचकही होते, हे विसरता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रुग्णांच्या मुलानातवंडांत रोग नाही, हे त्यांनी तेथे जाऊन पाहिले. आनुवंशिकतेच्या समजुतीला तो मोठा तडाखा होता. शतक संपताना नॉर्वेतील रुग्ण सहाशेच्या आत आले होते. १९०९ मध्ये बर्गेनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी दौऱ्यावर असतानाच फ्लोरो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज आहे. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेला बहुविध औषधोपचार सहा महिने किंवा वर्षभर घेतला की रोग बरा होतो, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. प्रश्न आहे तो रोग वेळीच ओळखण्याचा. अंगावरचा प्रत्येक डाग कुष्ठरोगाचा नसतो. गजकर्णाचा चट्टा गोल, कडेला उठलेला आणि खाजणारा असतो. शिब्यांवर बारीक कोंडा असतो. कोड दुधासारखे पांढरे असते, पण तेथे स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, खाजत नाही, दुखत नाही आणि त्यावर स्पर्श कळत नाही. दुखत नाही म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. दुकानातून आणलेली मलमे महिनोन्‌महिने चोळली जातात आणि तोवर मज्जातंतू निकामी होऊन बोटे वाकू लागतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका आरोग्यसेविकेला ही तपासणी करताना मी पाहिले. दंडावर चट्टा असलेल्या बाईंना तिने आधी आडोशाला नेले. काय करणार आहे ते समजावले, “करू का?” म्हणून विचारले. पेनाचे टोक प्रथम चांगल्या कातडीवर टेकवून दाखवले. मग डोळे मिटायला सांगून, जिथे कळेल तिथे बोट ठेवा म्हणाली. पाच मिनिटांचे काम. त्या पाच मिनिटांत हॅन्सेन यांचा शोध होता आणि जे विचारायचे त्यांच्याकडून राहून गेले, तेही होते.

भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आणले, तरी जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजूनही आपल्याच देशात सापडतात. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळला गेला तो २०१९ मध्ये. जंतू सापडल्यावर कायद्याला शहाणे व्हायला दीडशे वर्षे लागली. घराघरांतील मने अजून व्हायची आहेत.

दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन साजरा होतो. त्या दिवशी प्रतिज्ञा वाचून मोकळे होणे सोपे आहे. त्यापेक्षा आपल्या घरात, शेजारी, वसतिगृहात कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा दिसला, तर त्याला आडोशाला बोलावून आपुलकीने विचारावे आणि त्याच्या संमतीने आरोग्य केंद्रापर्यंत सोबत जावे. एवढे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.