वाचनवेड्या मुलांना कोणता लेखक द्यावा? : जे. आर. आर. टोल्किन यांचे जीवन

हॅरी पॉटरचे सातही भाग वाचून संपवलेले मूल 'आता पुढे काय वाचू?' असे विचारू लागले, की बरेच पालक गोंधळून जातात. जादूगार, राक्षस आणि मंतरलेल्या वस्तूंनी भरलेली पुस्तके ख्रिस्ती घरात असावीत की नसावीत, अशी शंकाही काहींच्या मनात असते. अद्भुतरम्य कथांचे मराठी माणसाला तसे वावडे नाही. नाथमाधवांची 'वीरधवल' आपल्या आजी-आजोबांनी आवडीने वाचली. तरीही विश्वासाने एखादे नाव सुचवायचे झाल्यास जे. आर. आर. टोल्किन यांचेच सुचवावे लागेल. या लेखकाचे जीवन जाणून घेतले, तर पालकांची शंका बरीचशी दूर होईल असे वाटते.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेचे व्यवस्थापक होते. १८९५ साली आई मेबल आपल्या दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, मागे राहिलेल्या वडिलांच्या निधनाची वार्ता आली. तेव्हा थोरला मुलगा अवघ्या चार वर्षांचा होता. तुटपुंज्या उत्पन्नावर ही विधवा बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहू लागली. तेथील पाणचक्की, शेते आणि झाडे मुलाच्या मनात कायमची घर करून राहिली. मुलांना लॅटिनचे पहिले धडे आईनेच दिले.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. नातेवाईक संतापले आणि मिळणारी आर्थिक मदत बंद झाली. मेबल मागे हटल्या नाहीत. पुढे त्यांना मधुमेहाने गाठले. इन्सुलिनचा उपचार १९२२ साली सुरू झाला. त्यापूर्वी या रोगावर इलाजच नव्हता. नोव्हेंबर १९०४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, ती रक्तसाक्षीच होती, अशी टोल्किन यांची अखेरपर्यंत भावना होती.

मृत्यूपूर्वी या मातेने मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपवले होते. ही ऑरेटरी कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्यांना संतपद बहाल केले. फादर फ्रान्सिस यांनी दोन्ही अनाथ मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली आणि स्वतःच्या खिशातूनही खर्च केला. सोळाव्या वर्षी टोल्किन यांची एडिथ ब्रॅट या तीन वर्षांनी मोठ्या अनाथ मुलीशी ओळख झाली आणि ओळखीचे रूपांतर प्रेमात झाले. अभ्यासाकडे दुर्लक्ष होत असलेले पाहून फादरांनी एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला भेटण्यास व पत्र लिहिण्यास मनाई केली. आजच्या तरुणांना हे कठोर वाटेल, आणि ते कठोर होतेच. टोल्किन यांनी आज्ञा पाळली. एकविसाव्या वाढदिवशी त्यांनी एडिथला पत्र लिहिले, तेव्हा तिचा साखरपुडा दुसऱ्याशी झालेला होता! तिने तो मोडला, १९१४ साली ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथील कॅथलिक चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला.

लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच पहिल्या महायुद्धाने त्यांना फ्रान्समध्ये नेले. सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एकाच दिवशी १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्यांत त्यांचा शाळेपासूनचा एक जिवलग मित्र होता. वर्षअखेरीस दुसराही गेला. उवांपासून पसरणाऱ्या खंदकतापाने आजारी पडल्यामुळे टोल्किन नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले आणि त्यामुळेच बहुधा वाचले. रुग्णालयातील आणि विश्रांतीच्या त्या दिवसांत त्यांनी आपल्या काल्पनिक जगाच्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या.

पुढचे आयुष्य प्राध्यापकाचे. १९२५ पासून १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड विद्यापीठात आधी जुन्या इंग्रजीचे आणि नंतर इंग्रजी भाषेचे व साहित्याचे प्राध्यापक होते. घरात चार मुले. थोरला जॉन पुढे धर्मगुरू झाला. पगार पुरत नसे, म्हणून सुट्टीत ते शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासत. अशाच एका उत्तरपत्रिकेत कोरे पान सापडले, आणि त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयी एक वाक्य लिहून टाकले. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या वाक्यातून उभी राहिलेली कथा १९३६ साली प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे गेली. मुलांच्या पुस्तकाची परीक्षा मुलांनीच करावी, असे मानणाऱ्या या गृहस्थांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या, रेनरच्या, हाती दिले. मोबदला एक शिलिंग. रेनरने अनुकूल अभिप्राय दिला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये 'हॉबिट' प्रसिद्ध झाले. वाचनवेड्या मुलाचे मत किती मोलाचे असते! याच रेनरने मोठेपणी प्रकाशनसंस्थेत दाखल झाल्यावर टोल्किन यांची पुढची महाकादंबरी छापण्याचा आग्रह धरला. हजार पौंडांचे नुकसान होईल, असा त्याचा हिशेब होता. वडिलांनी तरीही परवानगी दिली. बारा वर्षे खपून लिहिलेली ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे.

या कथेत चर्च नाही, धर्मगुरू नाहीत, प्रार्थनाही जवळजवळ नाहीत. तरीही हे मूलतः कॅथलिक पुस्तक आहे, असे टोल्किन यांनी १९५३ साली एका जेज्विट मित्राला कळवले होते. तारखा पाहिल्या तर गंमत कळते : साथीदारांचा चमू प्रवासाला निघतो तो २५ डिसेंबरला, आणि कथेतील निर्णायक दिवस येतो २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. येथे जादूची अंगठी मिळवायची नसून नष्ट करायची आहे, आणि हे काम राजाकडे किंवा योद्ध्याकडे न जाता दोन लहानखुऱ्या हॉबिटांकडे येते. वैऱ्यावर दाखवलेली दया वाया जात नाही. ती कशी, हे वाचकानेच शोधलेले बरे.

याच कादंबरीत मोरिया नावाच्या प्राचीन खाणीचे प्रकरण आहे. मौल्यवान धातूच्या लोभाने बुटक्यांनी ती फार खोल खणली आणि तळाशी झोपलेले संकट जागे केले. भंडारा जिल्ह्यातील चिखल्यासारख्या गावात, जेथे मँगनीजसाठी माणसे आजही भूगर्भात उतरतात, तेथील मुलांना हा अंधार फारसा समजावून सांगावा लागणार नाही.

वाचनाची सुरुवात 'हॉबिट'पासून करावी. दहा वर्षांचे मूल ते सहज वाचते. मोठी कादंबरी बारा-तेरा वर्षांनंतर द्यावी, कारण सुरुवात संथ आहे. मधल्या काळात सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके हाती द्यावीत. लुईस हे टोल्किन यांचे स्नेही. १९३१ सालच्या एका रात्रीच्या दीर्घ संभाषणाने त्यांना ख्रिस्तश्रद्धेकडे परत येण्यास मदत केली, मात्र ते अँग्लिकन चर्चमध्येच राहिले. टोल्किन यांना नार्निया फारसे आवडले नाही. मुलांना ते आवडते, आणि या बाबतीत आपण मुलांच्या बाजूचे.

एडिथ यांचे १९७१ साली निधन झाले. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, टोल्किनही गेले. त्यांच्यासाठीची मिस्सा फादर जॉन यांनी अर्पण केली. ऑक्सफर्डमधील एकाच कबरीत दोघे विसावले आहेत आणि शिळेवर त्यांच्या नावांखाली त्यांच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरली आहेत : ल्युथिएन आणि बेरेन.

धाकटा मुलगा ख्रिस्तोफर लहानपणी वडिलांच्या गोष्टी ऐकताना विसंगती पकडत असे. 'हॉबिट' छापून झाल्यावर वडिलांनी त्याला प्रत्येक चूक शोधण्याबद्दल दोन पेनी देऊ केले होते. त्याच मुलाने वडिलांचे अपूर्ण कागद लावून १९७७ साली 'सिल्मरिलियन' प्रसिद्ध केले आणि २०२० साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ सारे आयुष्य त्या कागदांना वाहिले. हे पुस्तक मात्र सर्वांत शेवटी वाचावे.