पंधरा वर्षं बिनपगारी

आमच्या बचत गटात नवी बाई आली, की आम्ही तिला काय करता म्हणून विचारतो. बऱ्याचजणी मान खाली घालून सांगतात, काही नाही, घरीच असते. ज्या कामाचा पगार नाही ते कामच नाही, हे आपल्या मनात किती घट्ट बसलंय! अशा वेळी मला हमखास एमी नोएथर आठवते. जगातल्या मोठ्या गणितज्ञांत जिची गणना होते, त्या बाईनं तब्बल 15 वर्षं बिनपगारी काम केलं.

23 मार्च 1882 रोजी जर्मनीतल्या एरलांगेन गावी एका ज्यू कुटुंबात एमीचा जन्म झाला. वडील मॅक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. पाठचे तीन भाऊ. चारचौघींसारखी एमीही स्वयंपाक, पियानो शिकली. 1900 साली मुलींच्या शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकवण्यासाठीची परीक्षा ती पास झाली. शिक्षिकेची वाट सरळ होती, पण हिनं गणिताचा हट्ट धरला. तिथे मुलींना तेव्हा रीतसर प्रवेश नव्हता. प्राध्यापकांची परवानगी काढून वर्गात नुसतं ऐकायला बसायचं. 986 विद्यार्थ्यांत मुली फक्त दोन!

1904 मध्ये एमीला रीतसर प्रवेश मिळाला आणि 1907 मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधासाठी तिनं 331 लांबलचक बीजगणिती राशींची यादी हातानं आकडेमोड करून काढली होती. पुढे तिनंच त्या कामाची केरकचऱ्यात गणना केली. कारण तिला वेगळी वाट सापडली होती. एकेक गणित सोडवत बसण्यापेक्षा त्या सगळ्यांमागचं सामाईक सूत्र शोधायचं, ही ती वाट.

पदवी मिळाली, नोकरी मात्र नाही. 1908 पासून सात वर्षं ती एरलांगेनमध्ये फुकट राबली. वडिलांना बरं नसलं की त्यांचे वर्गही घ्यायची. 1915 मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या नामवंत गणितज्ञांनी तिला ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावून घेतलं. आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतात ऊर्जेचा हिशेब कसा लागतो, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. पण बाईला अध्यापक म्हणून घ्यायला तिथल्या इतर विषयांच्या प्राध्यापकांनी विरोध केला. हिल्बर्ट तिच्यासाठी भांडले, उपयोग झाला नाही. मग तोडगा निघाला. वर्ग जाहीर व्हायचा हिल्बर्टच्या नावानं, शिकवायची एमी. पगार अर्थातच नाही.

1918 साली तिनं ते कोडं सोडवलं. तिचा सिद्धांत थोडक्यात असा : आपण जागा, वेळ किंवा दिशा बदलली तरी निसर्गाचा नियम तोच राहत असेल, तर त्याला सममिती म्हणतात. अशा प्रत्येक सममितीमागे एक न बदलणारी शिल्लक असते. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा नाहीशी होत नाही, नुसतं रूप बदलते. तोंड पूर्वेला असो की पश्चिमेला, नियम तेच, म्हणून फिरण्याचा हिशेबही कायम राहतो. गिरकी घेताना पसरलेले हात छातीशी घेतले की आपण जोरात फिरतो ना, ते त्यामुळेच.

आजही भौतिकशास्त्राला या सिद्धांतावाचून पाऊल टाकता येत नाही. विश्व अतिसूक्ष्म तारांचं बनलंय असं मानणारा स्ट्रिंग सिद्धांतच घ्या. त्यातून किती प्रकारची विश्वं संभवतात, याचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज एकावर 500 शून्यं इतका आहे! एकेक तपासायचं म्हटलं तर जगातले सगळे संगणक मिळूनही पुरे पडणार नाहीत. तिथेही शास्त्रज्ञ एमीच्याच वाटेनं जातात. सममिती ओळखायची, सामाईक सूत्र शोधायचं.

1919 मध्ये एमीला स्वतःच्या नावानं शिकवण्याची परवानगी मिळाली. पहिला पगार मिळाला 1923 मध्ये, तोही तुटपुंजा. तोवर तिनं चाळिशी ओलांडली होती. कपड्यालत्त्याची तिला फिकीर नव्हती. शिकवण्याच्या नादात केस सुटायचे, तिला पत्ताच नसायचा. विद्यार्थ्यांवर मात्र भारी जीव.

1932 मध्ये झुरिकच्या जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देण्याचा मान तिला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून तिला विद्यापीठातून काढून टाकलं. तिनं घरीच वर्ग भरवला. एक विद्यार्थी नाझी गणवेशात यायचा, त्यालाही तिनं शिकवलं. मग अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजनं तिला बोलावलं. तिथे तिला मान मिळाला, मैत्रिणी मिळाल्या, पण फक्त दीड वर्ष. एका शस्त्रक्रियेनंतर 14 एप्रिल 1935 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी ती गेली. त्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या आवारातच तिच्या अस्थी पुरल्या आहेत.

मैत्रिणींनो, एमीनं फुकट काम केलं याचं कौतुक मला करायचं नाही. तो तिच्यावरचा अन्यायच होता. पण पगाराचा आकडा शून्य असताना तिच्या कामाचं मोल शून्य नव्हतं, एवढं आपण लक्षात ठेवू या. गटात आता नवी बाई आली, की तिला काय करता असं मी विचारणार नाही. सकाळपासून काय काय केलंत, असं विचारेन. बघू या, तिची यादी केवढी होते ते.