चष्मेवाला जॉर्ज आणि कार्ड नंबर 69

सहा फूट दहा इंच उंची आणि डोळ्यांवर जाड चष्मा. बास्केटबॉलचा पहिला सुपरस्टार असा दिसायचा! 1924 साली जन्मलेल्या जॉर्ज मायकनने मिनियापोलिस लेकर्सला एकामागून एक विजेतेपदं मिळवून दिली. त्याला रोखायला बास्केटखालची लेन 6 फुटांवरून 12 फूट रुंद करावी लागली. 1948 मध्ये बोमन कंपनीच्या च्युइंगमसोबत त्याचं रूकी कार्ड आलं. 72 कार्डांच्या सेटमधलं 69 नंबरचं.

उतारवयात डायबिटीसमुळे पाय गमावला, तरी जुन्या खेळाडूंची पेन्शन वाढावी म्हणून तो भांडत राहिला. 2005 मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च शकील ओनीलने उचलला. दहाच वर्षांनी त्याचं एक कार्ड 4 लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. का? कोपरे शाबूत, चित्र बरोब्बर मधोमध! जॉर्जच्या पदरात मात्र यातलं काहीच पडलं नाही.