सर रामकृष्णपंत भांडारकर: अल्पारंभाचे मोठे फळ

सावंतवाडीहून वायव्येस समुद्राकडे गेले म्हणजे मालवण लागते. ह्या बंदरगावी ६ जुलै १८३७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे नाव युरोपातील विद्वानांच्या सभांत आदराने घेतले जाऊ लागले, आणि आज पुण्यात त्यांच्या नावाची मोठी संस्था उभी आहे. हे ऐकून कोणास वाटेल की, त्यांस आरंभीच एखादी मोठी संधी लाभली असावी. परंतु चरित्र पाहता तसे आढळत नाही. त्यांच्या वाट्यास आलेल्या संधी लहान होत्या. कित्येक तर दुसऱ्या कोणी संधी म्हणून ओळखल्याही नसत्या. वाचकहो, त्यांचे त्यांनी काय केले ते आपण क्रमाने पाहू.

त्यांचे वडील सरकारी महसूल खात्यात कारकून होते. पगार बेताचा, आणि मुलास दूरच्या गावी ठेवून इंग्रजी शिकविण्याचे सामर्थ्य अंगी नव्हते. अशा घरातील मुलाने मोडी व हिशेब शिकून बापाप्रमाणे कारकुनी धरावी, हाच त्या काळचा रिवाज होता. १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली. कारकुनाच्या घरी बदली म्हणजे बिऱ्हाड उचलण्याची यातायात. पण रत्नागिरीस सरकारी इंग्रजी शाळा होती. दहा वर्षांच्या रामकृष्णास एवढेच दार उघडले, आणि तो त्यातून आत गेला. १८५३ साली तो मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यालयात दाखल झाला. पुढे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८६२ साली त्याचे जे पहिले चार पदवीधर झाले त्यांत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने मालवणच्या ह्या कारकुनाच्या मुलाचेही नाव होते.

तोपर्यंत त्यांचा अभ्यास मुख्यत्वे इंग्रजीचा व गणिताचा होता. संस्कृताकडे ते वळले ते शिक्षण खात्याचे प्रमुख हावर्ड साहेब यांच्या सूचनेवरून. विद्यापीठाचा पदवीधर झालेला मनुष्य पुन्हा शास्त्र्यांपुढे बसून विद्यार्थी झाला. त्यानंतर त्यांस सिंध हैदराबादेस व मग १८६५ साली रत्नागिरीस हायस्कुलाच्या मुख्याध्यापकाचे काम मिळाले. त्या वेळी हायस्कुलांतून संस्कृत नव्यानेच शिकविले जाऊ लागले होते, पण मुलांस योग्य असे पुस्तक नव्हते. जुन्या पद्धतीने रूपे व कोश पाठ करण्यातच मुलांची कित्येक वर्षे जात. भांडारकरांनी थोडी रूपे, थोडे शब्द आणि लगेच भाषांतरास वाक्ये, अशी पायरीपायरीने चढणारी दोन पुस्तके रचली. मुलांसाठी क्रमिक पुस्तक लिहिणे हे काही थोर विद्वत्तेचे काम मानले जात नाही. तथापि त्यांच्या त्या पुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या.

१८७० च्या सुमारास मुंबईत एका पारशी डॉक्टर मित्राने त्यांच्या हाती एक जुना ताम्रपट दिला. त्यावरील अक्षरे त्यांस वाचता येईनात. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र. दान देणारा राजा, त्याचे पूर्वज, दान घेणारा, गावाच्या सीमा आणि तिथी एवढे त्यात लिहिलेले असते. आपले काम शिकविण्याचे, असे म्हणून तो त्यांनी परत दिला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी जुन्या लिपींची पुस्तके मिळविली, एकेक अक्षर लावले, आणि त्या ताम्रपटावर निबंध लिहिला. त्या एका पत्र्याने त्यांस जुन्या लेखांच्या वाचनाची गोडी लागली. एका ताम्रपटावरील राजाचे नाव दुसऱ्यावरील नावाशी जुळते, दोन शके एकमेकांस आधार देतात, आणि अशा रीतीने विसरलेल्या राजघराण्यांची साखळी पुन्हा जोडली जाते. ही साखळी जोडूनच १८८४ साली त्यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट आणि यादव यांचा सुसंगत वृत्तांत प्रथम तयार करणाऱ्यांत भांडारकर अग्रगण्य होत.

आता त्यांच्या कसोटीचा प्रसंग सांगावयाचा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृताच्या प्राध्यापकाचे काम काही वर्षे हंगामी म्हणून करीत होते. जागा कायमची भरण्याची वेळ आली तेव्हा ती त्यांस न मिळता विलायतेहून आलेल्या पीटरसन साहेबांस मिळाली. अनुभव असलेला व काम करून दाखविलेला मनुष्य खालच्या जागेवरच राहिला. असा अन्याय झाला म्हणजे पुष्कळांचे हात गळतात. मग तक्रारीतच आयुष्य जाते. भांडारकर दुय्यम जागेवर राहिले, परंतु त्यांचे काम दुय्यम झाले नाही. १८७४ साली लंडन येथे प्राच्यविद्येच्या पंडितांची परिषद भरली, तिच्याकडे त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध पाठविला. १८७६ साली मालतीमाधव नाटकाची शोधलेली आवृत्ती काढली. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी मुंबईत दीर्घकाळ सेवा करून १८७५ साली वारले. त्यांच्या नावाने विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्याने नेमलेली होती. १८७७ सालची ती व्याख्याने भांडारकरांनी दिली, आणि संस्कृतापासून आपल्या मराठीसारख्या भाषा कशा उतरल्या ते त्यांत दाखविले. ही सर्व कामे त्यांची बढती अडलेली असतानाच झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सरकारने जुन्या हस्तलिखितांच्या शोधाचे काम सांगितले तेव्हा त्यांनी तेही त्याच चिकाटीने केले. जुनी पोथी म्हणजे पुष्कळदा वाळवीने खाल्लेला व पाने हरवलेला गठ्ठा. अशा हजारो पोथ्या पाहून, त्यांचा काळ व कर्ता ठरवून, त्यांनी अहवाल लिहिले. १८८२ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली, १८८६ साली ते व्हिएन्नाच्या परिषदेस गेले, आणि १८९३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रामकृष्णास रत्नागिरीच्या शाळेचे दार उघडे मिळाले. त्याच काळी त्याच कोकणात अशी असंख्य मुले होती की, त्यांस जातीमुळे शाळेच्या उंबरठ्यापाशीही कोणी उभे केले नसते. उद्योग पाहिजे हे खरे, पण उद्योगास पाय ठेवावयास एक पायरी तरी लागते. भांडारकरांस हे उमगले होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९१२ साली पुण्यास अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरविली, तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धाने तिचे अध्यक्षपद स्वीकारले.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनेक प्रांतांतील पोथ्या ताडून महाभारताचा शुद्ध पाठ ठरविण्याचे काम त्या संस्थेने १९१९ साली हाती घेतले व १९६६ साली ते मूळ ग्रंथापुरते पुरे केले. एका ताम्रपटावर एकेक अक्षर लावण्याची जी रीत भांडारकरांनी धरली होती, तीच ह्या कामीही उपयोगी पडली.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या गावी रात्रीच्या शाळेत चार मुले येत असली, मंडळीच्या दप्तरातील नोंदी लिहिण्याचे काम अंगावर आले, किंवा शेजाऱ्याने एक जुना कागद वाचून दाखवा म्हणून विनविले, तर ते काम हलके समजून टाकू नये. भांडारकरांच्या हाती आलेली पहिली कामे ह्याहून फार मोठी नव्हती. त्यांनी हाती आलेले काम पुरे केले, आणि पुरे झालेल्या कामानेच त्यांस पुढचे काम आणून दिले. आणि ज्याच्या हाती शाळेची किल्ली आहे, त्याने दाराशी उभ्या असलेल्या मुलास आत घ्यावे. कारण त्याची पहिली लहान संधी कदाचित आपल्याच हाती असेल.