किरकोळ शब्दांचा कोशकार : डॉ. जॉन्सन

इंग्रजी विषय घेऊन बी. ए.ला बसलेला विद्यार्थी लांबलचक, भारदस्त शब्दांना सहसा भीत नाही. कोश उघडावा, अर्थ पाहावा, पुढे जावे. त्याला घाम फुटतो तो 'पुट', 'टेक', 'सेट' या चिमुकल्यांपुढे. त्यांना 'अप', 'ऑफ', 'आउट' अशी शेपटे लागली आणि समोर 'मस्ट' किंवा 'शुड हॅव' येऊन उभे राहिले, की भल्याभल्यांची तारांबळ उडते. परक्याची ही अडचण ओळखून तिच्याशी चिकाटीने झुंजणारा पहिला मोठा इंग्रज कोशकार म्हणजे सॅम्युएल जॉन्सन.

मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. त्याची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणली आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त त्याचे चरित्रही लिहिले. आपल्याकडे जॉन्सन ओळखला जातो तो मुख्यतः तडफदार बोलणारा आणि मानी लेखक म्हणून. क्रियापदांशी झुंजणारा जॉन्सन त्यामानाने अपरिचितच राहिला.

त्याचा जन्म १७०९ साली लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्याच्या घरी झाला. लहानपणीच गंडमाळांनी चेहरा विद्रूप झाला, एक डोळा जवळजवळ गेला. १७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. पण पैशाअभावी तेरा महिन्यांतच, पदवी न घेता त्याला परतावे लागले. फाटक्या जोड्यांतून पाय दिसतात हे पाहून कोणी तरी त्याच्या दाराशी नवे जोडे ठेवले, तेव्हा त्याने ते भिरकावून दिले, अशी हकीकत सांगतात. पुढे शाळा काढली, तीही बुडाली. १७३७ साली आपला विद्यार्थी डेव्हिड गॅरिक याला घेऊन तो लंडनला आला. गॅरिक नट म्हणून लवकरच गाजला. गुरुजी मात्र मासिकांसाठी पानांच्या हिशेबाने लिहीत राहिले.

१७४६ साली काही प्रकाशकांनी मिळून इंग्रजीचा कोश करण्याचे काम त्याला १५७५ पौंडांवर दिले. मदतनिसांचा पगार आणि कागदाचा खर्च त्यातूनच भागवायचा होता. तीन वर्षांत काम उरकीन असा त्याचा अंदाज होता. गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसत. जॉन्सनने ग्रंथ वाचावेत, उपयुक्त वाक्यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात, समासात शब्दाचे आद्याक्षर लिहावे आणि लेखनिकांनी ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवावीत, अशी पद्धत होती. आधी व्याख्या ठरवून मग उदाहरण शोधण्याऐवजी उदाहरणांच्या ढिगातून अर्थ वेचायचे, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

आणि या ढिगातच ती किरकोळ क्रियापदे त्याला आडवी आली. 'टेक' या एका शब्दाला शंभराहून अधिक अर्थ निघाले. त्यातही 'ब्रेक ऑफ' म्हणजे मध्येच थांबणे, 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे, 'बेअर आउट' म्हणजे समर्थन करणे! ज्याला 'सेट' ठाऊक आहे आणि 'आउट'ही ठाऊक आहे, त्याला 'सेट आउट' कळेलच असे नाही. परक्यांना इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ते हेच, हे जॉन्सनने प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवले. आपला संग्रह पूर्ण नाही, पण जे सुटले असेल ते सापडलेल्यांच्या तुलनेने उकलता येईल, अशी त्याची आशा होती.

आपल्याला यात नवल वाटायला नको. मराठीतले 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, परीक्षेचा निकाल लागतो, मूल रडू लागते आणि नको असले तरी जावे लागते. यांतले शेवटचे 'लागते' तर इंग्रजी 'मस्ट'चेच काम करते. मराठी शिकणाऱ्या कन्नड मित्राला हे सारे समजावून सांगून पाहा, म्हणजे जॉन्सनची दशा कळेल.

'शॅल' आणि 'विल' यांनीही त्याला छळले. परके लोक आणि प्रांतांतले लोक या दोहोंची गल्लत करतात आणि उलगडा करणे सोपे नाही, हे त्याने 'शॅल'च्या नोंदीतच मान्य केले. मग पुरुषागणिक अर्थ कसा पालटतो ते त्याने दाखवले. नदीत पडलेल्या परदेशी माणसाने या दोहोंची अदलाबदल केली आणि मी बुडणारच, कोणी मला वाचवू नये असा अर्थ निघाल्याने काठावरचे लोक स्वस्थ उभे राहिले, हा जुना विनोद याच घोटाळ्यावर आहे. आज इंग्रज स्वतःही हा भेद फारसा पाळत नाहीत.

मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. कोशाला जोडलेल्या व्याकरणात वाक्यरचनेच्या वाट्याला जेमतेम दहाबारा ओळी आल्या. 'ही शुड हॅव पुट इट ऑफ', म्हणजे त्याने ते पुढे ढकलायला हवे होते, हे वाक्य पाहा. 'शुड' कर्तव्य सांगतो, 'हॅव' ते भूतकाळात नेतो, 'ऑफ' क्रियापदाचा अर्थच बदलतो, आणि 'इट' मध्येच बसते. 'पुट ऑफ इट' चालत नाही. उलट 'लुक आफ्टर इट'मध्ये 'इट' शेवटीच हवे, कारण तिथले 'आफ्टर' शब्दयोगी अव्ययासारखे आपल्या नामाला धरून असते. पुढे 'मस्ट' आला काय, 'कुड' आला काय, या क्रमाला धक्का लागत नाही. कोशात शब्द एकेकटा उभा राहतो. ही घडण दिसते ती वाक्यात, आणि तिकडे जॉन्सनने पाठ फिरवली.

तीन वर्षांची नऊ झाली. १७५२ साली पत्नी वारली. आरंभी उदासीन राहिलेला लॉर्ड चेस्टरफील्ड कोश तयार होताच स्तुतिलेख लिहू लागला, तेव्हा जॉन्सनने पत्राने त्याचे आश्रयदातेपण झिडकारले. १५ एप्रिल १७५५ रोजी ४२,००० हून अधिक शब्दांचा कोश दोन जाडजूड खंडांत निघाला. त्याआधी थोडेच दिवस ऑक्सफर्डने त्याला एम. ए. दिली. पैसे मात्र केव्हाच संपले होते. १७५६ साली सहा पौंडांच्याही आतल्या कर्जापायी त्याला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने पैसे धाडून सोडवले. १७५९ साली आईच्या अंत्यसंस्काराचा खर्च भागवण्यासाठी त्याने 'रासेलस' लिहिली. १७६२ साली ३०० पौंडांचे वार्षिक वेतन मिळाले, तेव्हा कुठे स्वास्थ्य आले.

१७४७ साली योजना मांडताना भाषेला स्थिर करण्याची उमेद त्याने धरली होती. १७५५ च्या प्रस्तावनेत ती उरली नाही. ही लहान क्रियापदे तर घटकेघटकेला आपले नाते बदलतात, असे त्याला दिसून आले होते. तरीही १७७३ च्या चौथ्या आवृत्तीसाठी तो पुन्हा त्याच नोंदींवर बसला. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे निधन झाले. त्याने गोळा केलेल्या या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापील ग्रंथात मिळाले ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात.