नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे भारतातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' या मराठी वृत्तपत्राचे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' या गिरणी कामगारांच्या संघटनेची स्थापना केली. ही भारतातील कामगारांची पहिली संघटना मानली जाते. मुंबईतील गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, तिचे श्रेय प्रामुख्याने लोखंडे यांच्या प्रयत्नांना दिले जाते.

पूर्वायुष्य

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका सामान्य माळी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील होते. घरच्या गरिबीमुळे त्यांना उच्च शिक्षण घेता आले नाही. शालेय शिक्षणानंतर त्यांनी प्रथम रेल्वेत व नंतर टपाल खात्यात नोकरी केली. पुढे ते मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले. गिरणीतील या नोकरीमुळे कामगारांचे जीवन त्यांना अगदी जवळून पाहता आले. कामगारांच्या प्रश्नांविषयी त्यांनी पुढे केलेल्या लेखनाला या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार होता.

तत्कालीन गिरणी कामगारांची स्थिती

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या तीन दशकांत मुंबई हे देशातील वस्त्रोद्योगाचे प्रमुख केंद्र बनले. गिरणीमालक व व्यापारी यांच्या हाती मोठी संपत्ती आली. या संपत्तीच्या निर्मितीत ज्यांचे श्रम होते ते कामगार मुख्यतः कोकणातून व घाटावरून आलेले होते. दुष्काळ, कर्जबाजारीपणा आणि अपुरी शेती यांमुळे त्यांना गाव सोडावे लागले होते.

गिरण्यांत त्या काळी विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा ते चौदा तासांचा होत असे. दुपारच्या जेवणासाठी निश्चित विश्रांती नव्हती. सणावारांखेरीज नियमित सुट्टी नसे, आणि सुट्टी मिळाली तरी तिचा काही भाग यंत्रे साफ करण्यात जाई. पगार वेळेवर मिळत नसल्याने कामगाराला वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यावे लागे किंवा सावकाराकडून कर्ज काढावे लागे. कामावर घेणे व काढून टाकणे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. अपघातात हात-पाय गमावलेल्या कामगाराला भरपाईचा हक्क नव्हता. स्त्रिया आणि लहान मुलेही याच परिस्थितीत राबत होती.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा संमत झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांना मात्र या कायद्याने कामाच्या तासांबाबत कोणतेही संरक्षण दिले नाही.

सत्यशोधक समाज आणि 'दीनबंधू'

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे फुल्यांच्या विचारांकडे आकृष्ट झाले आणि समाजाच्या मुंबईतील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक बनले. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची जी मीमांसा केली होती, तीच दृष्टी लोखंडे यांनी गिरणी कामगाराच्या प्रश्नाला लावली. गावातील कर्जबाजारी शेतकरी आणि शहरातील गिरणी कामगार एकाच व्यवस्थेचे बळी आहेत, अशी त्यांची धारणा होती.

'दीनबंधू' हे वृत्तपत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. आर्थिक अडचणींमुळे ते चालवणे त्यांना कठीण झाले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले व त्याच्या संपादनाची जबाबदारी स्वीकारली. शेतकरी, कामगार व ब्राह्मणेतर समाज यांचे प्रश्न मांडणारे हे पत्र त्यांनी अखेरपर्यंत चालवले.

फुल्यांशी त्यांचे संबंध सर्वकाळ मतभेदरहित होते असे नाही. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा प्रारंभीचा भाग 'दीनबंधू'त प्रसिद्ध झाला, परंतु पुढील भाग छापला गेला नाही. ग्रंथातील प्रखर टीकेमुळे सरकारी रोष ओढवेल, या भीतीने हे घडले असे मानले जाते. याबद्दल फुल्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. तरीही लोखंडे यांनी सत्यशोधक समाजाचे कार्य सोडले नाही.

कामगार संघटनेची स्थापना

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. कामगारांचे म्हणणे आयोगापुढे जावे यासाठी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. या सभांत मागण्यांचा मसुदा मंजूर करण्यात आला. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या असलेले निवेदन आयोगाला सादर झाले. त्यातील प्रमुख मागण्या पुढीलप्रमाणे होत्या.

• सर्व कामगारांना दर रविवारी सुट्टी मिळावी.
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.
• काम सकाळी साडेसहा वाजता सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.
• महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा.
• कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी.

यांत वेतनवाढीची मागणी नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे वेतन ठरले आहे ते वेळेवर मिळावे आणि शरीराला विसावा मिळावा, एवढीच कामगारांची अपेक्षा होती. तरीही कायद्यात तातडीने बदल झाला नाही.

कारखाना कायद्याच्या प्रश्नावर लोखंडे यांची भूमिका त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी नेत्यांहून वेगळी होती. हिंदी गिरण्यांची स्पर्धा रोखण्यासाठी लँकेशायरचे गिरणीमालक अशा कायद्यांचा आग्रह धरतात, असा आक्षेप अनेक देशी वृत्तपत्रे घेत होती. त्या आक्षेपात तथ्य होते. मात्र परक्या भांडवलदाराचा हेतू स्वार्थी असला, म्हणून देशी कामगाराची पिळवणूक समर्थनीय ठरत नाही, हे 'दीनबंधू'च्या भूमिकेचे सार होते.

साप्ताहिक सुट्टीचा लढा

१८८४ नंतर सभा व निवेदनांचे सत्र सुरूच राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षित घरांतील स्त्रियांनाही सार्वजनिक सभेत बोलण्याची संधी क्वचितच मिळे, त्या काळात ही घटना असाधारण होती. या सभेनंतर गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली आणि १० जून १८९० रोजी तसा निर्णय झाला. सुट्टीसाठी रविवार निवडण्यामागे तो खंडोबाचा वार असल्याचेही एक कारण सांगितले जाते.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांना स्थान मिळाले. या आयोगानंतर १८९१ चा सुधारित कारखाना कायदा झाला. त्यानुसार साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे बळ मिळाले. स्त्रियांच्या कामाचे तास अकरापर्यंत व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सातपर्यंत मर्यादित झाले. प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांवर मात्र या कायद्यानेही मर्यादा घातली नाही.

इतर सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनाच्या रूढीविरुद्ध लोखंडे यांनी आवाज उठवला. त्यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा त्यांनी कामगार वस्त्यांत सलोख्यासाठी प्रयत्न केले आणि राणीच्या बागेत ऐक्यासाठी सभा घेतली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना 'रावबहादूर' ही पदवी दिली.

निधन

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाट वस्तीत राहणाऱ्या गरिबांना तिचा सर्वाधिक फटका बसला. अनेकांनी शहर सोडले, परंतु लोखंडे मुंबईतच राहिले. रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. हे काम करत असतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे महिन्याभरात, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला.

मूल्यमापन आणि स्मृती

लोखंडे यांच्या संघटनेला आधुनिक अर्थाने कामगार संघ म्हणता येईल का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिच्याकडे सभासदांची नोंदणी, वर्गणीचा निधी वा लिखित नियमावली नव्हती आणि तिने संपाचे नेतृत्व केले नाही. अर्ज, सभा व वृत्तपत्र हीच तिची साधने होती. लोखंडे यांच्या मृत्यूनंतर तिचे कार्यही थांबले. तथापि, विखुरलेल्या व बहुतांशी निरक्षर कामगारांनी एकत्र येऊन आपल्या मागण्या स्वतःच्या नावाने मांडण्याची सुरुवात या संघटनेमुळे झाली. श्रमिकांचे दारिद्र्य दैवाने आलेले नसून ते बदलता येते, हा विचार तिने गिरणगावात रुजवला. विसाव्या शतकातील मुंबईची कामगार चळवळ याच भूमीवर उभी राहिली.

दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या या कार्याकडे मनोहर कदम यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे अभ्यासकांचे व वाचकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत परळ येथील महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.