कादंबरीकार नाथमाधव

जुन्या काळातली आणि त्यात रहस्य असलेली कादंबरी आपल्यापैकी कोणाला आवडत नाही? एकदा हाती आली की दुपारची झोप जाते आणि चुलीवरचे दूधही उतू जाते. अशा कादंबऱ्यांची गोडी मराठी घराघरांत ज्यांनी लावली, त्या नाथमाधवांची हकिकत आज थोडक्यात सांगते.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावावरून त्यांनी नाथमाधव हे टोपणनाव घेतले. जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. तरुणपणी त्यांना शिकारीचा भारी नाद. एकदा सिंहगडाच्या बाजूला वाघाच्या शिकारीस गेले असता ते कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे झाले ते कायमचेच. ऐन उमेदीत रानोमाळ हिंडणारा माणूस अंथरुणाला खिळला.

दुसरा कोणी असता तर दैवाला बोल लावत बसला असता. नाथमाधवांनी पुस्तके जवळ केली. पुष्कळ वाचले आणि मग स्वतः लिहू लागले. १९०८ साली 'प्रेमवेडा' ही कादंबरी आली. १९१३ सालच्या 'वीरधवल'ने तर वाचकांना वेडच लावले. मराठ्यांच्या इतिहासावर त्यांनी 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून कादंबऱ्यांची माळच गुंफली. त्यांच्या 'सावळ्या तांडेल' या ऐतिहासिक कादंबरीच्या नावातच आपला समुद्र आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी जी खांदेरी बांधायला घेतली, ती थळच्या किनाऱ्यावरून रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तांडेल म्हणजे कोण हे सांगायला नको.

'रायक्लब अथवा सोनेरी टोळी', 'डॉ. कादंबरी' अशा सामाजिक कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. स्त्रीशिक्षण, प्रौढविवाह, पुनर्विवाह या गोष्टींची बाजू त्यांनी गोष्टीच्या ओघात घेतली. मुलीचे लग्न लहानपणीच उरकण्याच्या त्या काळात हे लिहायला धीर लागत होता.

माझ्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा त्या चार महिने अंथरुणावर होत्या. कोणाशी बोलेनात, जेवण नको म्हणत. तेव्हा मी त्यांना रोज दुपारी 'वीरधवल' वाचून दाखवू लागले. पुढे काय होणार, कोण कपटी, याचा तर्क त्या माझ्या आधी करीत! हे लिहिणाराही असाच पडून होता असे मी सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र उठवून बसव म्हणाल्या.

इंग्रजीत मिस मार्पल नावाची म्हातारी १९३० साली कादंबरीत येऊन खुनांचा छडा लावू लागली. ती घरबसल्या माणसे ओळखते. मला वाटते, प्रत्येक घरात अशी एक बाई असतेच. तिला हाती फक्त पुस्तक मिळाले पाहिजे.

नाथमाधव २१ जून १९२८ रोजी वारले. वय अवघे सेहेचाळीस. पायांनी चालता येत नसूनही त्यांनी वीस वर्षे साऱ्या महाराष्ट्राला गड, समुद्र आणि राने हिंडवून आणली. आपल्या शेजारीपाजारी कोणी आजारी पडून असेल, तर फळांबरोबर एखादे पुस्तकही न्यावे आणि घटकाभर बसून वाचून दाखवावे, एवढीच माझी विनंती.